एकोणपन्नास नाबाद

घराबाहेर पडताना मी गॅसचं बटण तीनदा बघते. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघते, आणि तरी जिना उतरताना वाटतंच की काहीतरी राहिलं. घरचे हसतात. हसोत बापडे. याच स्वभावामुळे मी बऱ्यापैकी स्कोअरर झाले, असं मी मानत आले. शनिवार-रविवारी बोरिवली-कांदिवलीच्या मैदानांवर मुलींचे क्रिकेटचे सामने असतात. तिथे कडेच्या मांडवात वही उघडून बसायचं आणि पडेल तो प्रत्येक चेंडू लिहायचा, हे माझं काम. उरलेले पाच दिवस मी मरोळला एका कारखान्याच्या ऑफिसात असते. तिथे एखादा आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो.

वहीतला होत नाही. सामना संपला, अंपायरांनी खाली सह्या केल्या, की कागद असोसिएशनकडे जातो आणि त्यावर पुन्हा कुणी पेन लावायचं नसतं. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, "माणूस खोटं बोलेल, वही खोटं बोलत नाही." फार तोऱ्यात सांगायचे.

वाक्य माझं नव्हे. मला स्कोअरिंग शिकवणाऱ्या बाईंचं. बाई तरुणपणी स्वतः खेळलेल्या. महिलांचा विश्वचषक पुरुषांच्या दोन वर्षं आधी सुरू झाला, हे त्या भेटेल त्याला ऐकवायच्या; भाजीवाल्यालाही ऐकवलेलं मी बघितलंय. पहिल्या खेपेला आपला संघ नव्हताच. दुसऱ्या खेपेला स्पर्धा आपल्याच देशात भरली. पण त्या काळी इथल्या मुलींच्या सामन्यांना स्कोअरर कुठून मिळणार? जी बाद व्हायची ती पॅड सोडून वही घेऊन बसायची, पुढची बाद झाली की वही तिच्याकडे. मग एखादं षटक पाचच चेंडूंचं, एखादीच्या धावा दुसरीच्या नावावर, एखादं पान कोरंच. "आम्ही धावा काढल्या गं," बाई म्हणायच्या, "कोणी धड लिहिल्याच नाहीत. तू लिही." बाई आता नाहीत. मी लिहीत राहिले.

२०१७ची विश्वचषकाची फायनल मी घरी टीव्हीसमोर वही घेऊन लिहिली. तीन बाद एकशे एक्याण्णव असताना आपण जिंकणार असं वाटत होतं, आणि नऊ धावांनी हरलो. शेवटच्या षटकांत माझं अक्षर इतकं बिघडलंय की ते पान मी कुणाला दाखवत नाही. पण त्या हरण्यातून एक विचित्र गोष्ट झाली. पंधरवड्यात मैदानावर मुलींची रांग लागली. ज्या आया आधी "उन्हात काळी होशील" म्हणायच्या, त्याच आता डबा घेऊन कडेला बसायला लागल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात निवडीचे सामने झाले. मी नुकतीच परीक्षा पास होऊन स्कोअररांच्या यादीत आले होते, आणि आमच्या भागात बाई मी एकटीच. त्यातल्या एका सामन्याला समोरच्या संघाचा स्कोअरर आलाच नाही. एरवी दोघं असतात, दर षटकाला एकमेकांशी आकडे जुळवतात. मी म्हटलं, जमेल मला एकटीला.

दहिसरची एक डावखुरी मुलगी खेळत होती. सतरा वर्षांची, सडपातळ, बोलायला कमी. वडील तिला स्कूटरवरून सोडायचे आणि कामावर निघून जायचे. अकराव्या षटकाच्या चौथ्या चेंडूवर तिने एक धाव काढली. मी मान वर केली तर अंपायर गुडघा उचलून त्यावर हात ठेवून उभे. याचा अर्थ एकच, लेग बाय: चेंडू बॅटला लागला नाही, पायाला लागून गेला. अशी धाव संघाला मिळते, खेळणारीला नाही. नियम असा की स्कोअररने हात वर करून समजल्याचं कळवायचं आणि ते अंपायरने बघायचं, तोवर थांबायचं. मी हात वर केला. त्यांनी बघितलं नाही, ते गुडघ्याकडेच बघत होते. मी लिहून टाकलं. गॅस तीनदा बघणारी मी, त्या दिवशी एकदाच बघितलं.

शेवटी जिंकायची धावही तिनेच काढली, आणि मग थांबून तिने बॅट वर केली. पन्नास झाल्यावर करतात तशी. चार-दोन मुलींनी टाळ्या वाजवल्या. मैदानावर फळा होता तो फक्त संघाच्या धावांचा. मी वहीत बघितलं तर एकोणपन्नास. मोजायला चुकली बिचारी, असं वाटून मला जरा हसूच आलं. ते हसू मला अजून आठवतं आणि लाज वाटते.

संध्याकाळी फोन आला. दहिसरहून तिचे वडील. कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता.

"मॅडम, आमच्या पोरीचे रन किती झाले हो आज?"

"एकोणपन्नास नाबाद. छान खेळली."

"ती पन्नास म्हणते."

"मुली मोजायला चुकतात," मी म्हटलं. "वही खोटं बोलत नाही."

"बरं, बरं. थँक्यू मॅडम."

त्यांचा नंबर मी तेव्हा सेव्ह केला, पुढेमागे लागला तर म्हणून.

आठवड्याने दुसऱ्या एका सामन्यात तेच अंपायर होते. जेवणाच्या सुट्टीत चहा पिताना म्हणाले, "ती दहिसरची पोरगी बघा ताई. काय फिफ्टी मारली."

"एकोणपन्नास," मी म्हटलं. "एक लेग बाय होता."

"कुठला लेग बाय? मी अख्ख्या डावात लेग बाय दिला नाही."

मी षटक सांगितलं, चेंडू सांगितला, गुडघा सांगितला. मग पँट जराशी वर करून त्यांनी दाखवलं. गुडघ्याला नीकॅप होती, उन्हात घामाने सारखी खाली घसरायची. त्या वेळी ते पाय उचलून ती वर ओढत होते.

मी म्हटलं, कळवू या का वर? ते म्हणाले, "सही करून कागद गेला ताई. टोटल बरोबर आहे, रिझल्ट बरोबर आहे. एका धावेने काय होतंय? आणि कळवलं तर माझं काही नाही, मी म्हातारा झालो. तुमचीच वाट लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माणूस वाईट नव्हता. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला. यादीत मी एकटी बाई, पहिलंच वर्ष. एक चूक कळली असती तर म्हणाले असते, बघा, म्हणूनच बायकांना देत नव्हतो. हे मी तेव्हा स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते कारण खरंच वाटायला लागलं. ते खरं होतंही. पण त्या मुलीच्या वडिलांना फोन केला म्हणून कुणी मला यादीतून काढणार नव्हतं. एवढा एक फोन मी केला नाही. आज करते, उद्या करते, दिवाळीनंतर करते. आठ वर्षांत माझे दोन फोन बदलले आणि तो नंबर दोन्ही वेळा नव्या फोनमध्ये आपोआप आला.

निवड झालेल्यांत तिचं नाव नव्हतं. वर्षभराने ती मैदानावर दिसेनाशी झाली. ते माझ्यामुळेच, असं मी धरून चालले. कुणी दहिसर म्हटलं तरी मी विषय बदलायचे.

मग २०२५चा विश्वचषक आपल्याकडे आला, आणि फायनल तर नवी मुंबईत. आपला संघ तिथवर पोचला तसं बोरिवलीच्या आमच्या क्लबने ठरवलं की हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, जुन्या-नव्या सगळ्या मुलींना बोलवायचं. मला सांगितलं, तुम्ही पडद्यावर बघून वही लिहा, छोट्या मुली भोवती बसून शिकतील. मला टेन्शन फक्त मॅचचं होतं. रविवार होता, तुळशीच्या लग्नाचा दिवस. सोसायट्यांच्या गेटांवर ऊस बांधलेले आणि आभाळ भरून आलेलं. तिकडे पाऊस पडत होता, टॉस पुढे ढकलत होते. मी वहीत दोन्ही संघांची नावं लिहिली आणि पेनं तपासली. तीन पेनं होती, तिन्ही चालत होती, तरी पुन्हा तपासली.

"मॅडम, ओळखलंत?"

मान वर न करताच मी ओळखलं. आता पंचवीस वर्षांची. सांताक्रूझला विमानतळाच्या कार्गोत नोकरी करते म्हणाली. केस कापलेले, अंगाने भरलेली, पण उभी राहायची तऱ्हा तीच, एका पायावर भार टाकून. ती माझ्या शेजारचीच खुर्ची ओढून बसली. "तुमच्यामुळे मॅच कळते तरी नीट," म्हणाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या तीन तासांत पुरतं भोगलं. ती हसली तरी मला वाटायचं हिला माहीत आहे. ती गप्प बसली तरी वाटायचं माहीत आहे.

आपली फलंदाजी चालू होती. एका चेंडूला पडद्यावरच्या अंपायरने गुडघा उचलून त्यावर हात ठेवला. मी शिकवलेल्या छोट्या मुलींनी लगेच हात वर केले, सगळ्यांनी एकदम, आणि मोठ्याने म्हणाल्या, "लेग बाय." मी लिहिलं. पण शेजारून ती माझ्या वहीत बघत होती.

आपल्या दोनशे अठ्ठ्याण्णव झाल्या. मध्यंतरात मुली वडापावाकडे पळाल्या. मी तिला म्हटलं, जरा बाहेर येतेस? हॉलच्या मागे पाण्याचा नळ आहे, तिथे उभं राहून मी सगळं सांगितलं. अकरावं षटक, चौथा चेंडू, नीकॅप, चहा. काही सजवलं नाही. "पन्नास तुझेच होते," म्हटलं. "मला आठवड्यात कळलं होतं. मी भ्याले. माझ्यामुळे तुझं सिलेक्शन गेलं."



"सिलेक्शनचं सोडा मॅडम," ती म्हणाली. "लिस्टमध्ये सत्तरवाल्या होत्या, शंभरवाल्या होत्या. पन्नासनेही माझं झालं नसतं."

मला एक क्षण हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

"बाबांनी सांगितलं होतं, पहिली फिफ्टी मारलीस की चांगली बॅट घेऊन देतो. मी घरी जाऊन म्हटलं पन्नास झाले. त्यांनी तुम्हाला फोन केला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, बॅट हवी तर तसं सांग, पण खोटं बोलू नकोस. मी रडले, भांडले. ते म्हणाले, मॅडम म्हणाल्या, वही खोटं बोलत नाही."

ती सांगत राहिली.

"दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. ते ठीक आहे. पण त्यानंतर ना, मी काही सांगितलं, मार्क सांगितले, कुठे गेले होते सांगितलं, काहीही, की ते एकदा माझ्याकडे बघायचे. ओरडायचे नाहीत. नुसतं बघायचे. अजून बघतात." तिने नळ उगाचच घट्ट केला. "वर्षभर खेळले मग. पण घरी गेलं की बाबा विचारायचे, किती झाले, आणि मला सांगायचाच कंटाळा यायला लागला. सोडून दिलं."

"मी आत्ता त्यांना..."

"ते येणार आहेत मला न्यायला. तुम्ही सांगा त्यांना. मी नाही सांगणार. मी एकदा सांगितलंय."

दुसरा डाव सुरू झाला तेव्हा ती माझ्या शेजारी नव्हती. मागच्या रांगेत जाऊन बसली होती. पुढचे तीन तास माझ्या जिवाला दोन घोर होते, एक पडद्यावर आणि एक दारात. तिकडे समोरच्या संघाची कप्तान हलायचं नाव घेत नव्हती. शंभराकडे निघालेली, शांतपणे, घरचं काम उरकावं तशी. हॉलमधला आवाज कमी कमी होत गेला. आपण पुन्हा हरणार, तसंच, जिंकता जिंकता. आणि मी दर दोन चेंडूंनी दाराकडे बघत होते. मनात हेही येऊन गेलं की त्यांची स्कूटर बंद पडावी. असलं काही मनात आणणारी बाई मुलींना खरं लिहायला शिकवते, हे माझं मलाच कसंसं झालं.

ते आले. हातात हेल्मेट, केस पिकलेले, दारातच थांबले आणि पडद्याकडे बघू लागले. मी म्हटलं, हे षटक संपू दे. ते संपलं. म्हटलं, एवढं एक. स्कोअरर वही सोडून उठत नाही. मी सामन्यात कधीच उठलेली नव्हते, तापातही नाही. ही सबब मी आणखी तीन षटकं वापरली. त्या कप्तानचं शतक झालं. मागे वळून बघितलं तर ती मुलगी पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, नुसतं, काही न बोलता. तिचे वडील तिच्याकडे कसे बघत असतील ते मला तेव्हा कळलं.

मी पेन वहीत ठेवलं आणि उठले. भोवतीच्या मुली म्हणाल्या, "मॅडम, ओव्हर चालू होतेय." मी त्यांच्यातून वाट काढत दाराशी गेले. आपण कोण ते सांगितलं. त्यांनी हेल्मेट दुसऱ्या हातात घेऊन नमस्कार केला. "मॅडम, तुम्ही," म्हणाले, आदराने. त्या आदराने मला जास्तच मेल्यासारखं झालं.

मी सांगितलं. नळाशी सांगितलं तेवढंच, पण आता एक वाक्य जास्त होतं: "तुमची मुलगी खरं बोलली होती. खोटं माझ्या वहीत होतं."

माझ्या पाठीमागे तेवढ्यात हॉल किंचाळला, मग गप्प झाला, पुन्हा किंचाळला, पुन्हा गप्प झाला, आणि मग छत कोसळल्यासारखा आवाज झाला. त्यांच्या कप्तानचा झेल उडाला होता. आपल्या मुलीच्या हातातून तो दोनदा निसटला आणि जमिनीला टेकायच्या आत तिसऱ्यांदा सापडला. हे मी नंतर बघितलं. तेव्हा मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना तो आवाज ऐकूच आला नसावा.

"एक रन," ते म्हणाले.

"हो."

ती उठून आमच्याजवळ आली होती. सगळा हॉल नाचत होता आणि आम्ही तिघं दारात उभे. त्यांनी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"पन्नास होते?"

"पन्नास होते."

"मग तेव्हा भांडली का नाहीस माझ्याशी?"

"भांडले होते, बाबा."

त्यांनी मान हलवली. ती आपल्या जागेवर परत गेली, तसे तेही मागोमाग गेले, हेल्मेट एका खुर्चीवर ठेवून तिच्या शेजारी बसले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण खुर्ची थोडी सरकवून जागा करून दिली.

मी जागेवर आले तेव्हा पुढचं षटक सुरू व्हायचं होतं. एका मुलीने माझ्या वहीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे रिकामं राहिलं. मी फोनवर बघून सांगू?"

"नको," मी म्हटलं. "ते माझ्याकडून राहिलं. तसं बाजूला लिही, की राहिलं." तिने पेन्सिलीने लिहिलं. पुढची षटकं मी नीट लिहिली. आपण विश्वचषक जिंकलो. सगळ्या मुली माझ्या अंगावर पडल्या आणि मी रडले. त्या म्हणाल्या, मॅडम किती इमोशनल झाल्या. त्यांना वाटलं मॅचमुळे. मॅचमुळेही होतं. बाई असत्या तर त्यांनी पहिल्यांदा वही बघितली असती, आणि ते रिकामं षटक बघून मला विचारलं असतं.

बाहेर फटाके वाजत होते. गेटपाशी ती स्कूटरवर मागे बसली, मला म्हणाली, "येते मॅडम." तेवढंच. वडिलांनी किक मारायला पाय उचलला, मग पुन्हा खाली ठेवला.

"एक फोन करायचा होता मॅडम," ते म्हणाले. रागाने नाही, हिशोब विचारावा तसंही नाही. "नंबर होता ना तुमच्याकडे."

"होता," मी म्हटलं.